आईला आधीच कळलं होतं का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्या वाचकांसाठी तो थोडक्यात सांगते. तुम्ही ठाण्यात राहता, आई कराडजवळच्या गावी. तुम्ही तिची आठवण काढायला आणि तिचा फोन यायला नेहमी एकच गाठ पडते. गेल्या पावसाळ्यात तुमच्या भावाला मोटरसायकलवर अपघात झाला, त्या दिवशी आईचा जीव सकाळपासून खालीवर होत होता. हे सगळं मनात घोळत असताना तुम्ही अकरा वर्षांच्या मुलीबरोबर त्या प्रसिद्ध पाच चिन्हांच्या पत्त्यांचा प्रयोग केलात, आणि तिने २५ पैकी ९ ओळखले. टेलिपथी, म्हणजे एका मनातलं दुसऱ्या मनाला थेट कळणं, शास्त्राने सिद्ध केली आहे का, आणि ती आमच्या घराण्यात आहे का, असं तुम्ही विचारलंय.

पण जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंत. भाऊ आता हिंडूफिरू लागला, तरी आई अजून म्हणते, "मला कळलं होतं, मी त्याला अडवायला हवं होतं." मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न तो आहे. तिकडे येतेच. आधी पत्ते घेऊ, कारण एका महाविद्यालयात ३१ वर्षं मी प्रायोगिक मानसशास्त्र शिकवलं आणि जवळजवळ दरवर्षी हे पत्ते मुलांच्या हातात दिले.

जोडात २५ पत्ते असतात. वर्तुळ, अधिक, लाटा, चौकोन आणि चांदणी, प्रत्येकी पाच. काहीही न कळता नुसतं बोलत गेलं तर सरासरी ५ बरोबर येतात. ९ किंवा त्याहून जास्त यायची शक्यता साधारण एकवीसात एक. म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात एकेकदा प्रयोग केला तर साधारण दोघे जण ९ किंवा त्याच्या पुढे जाणारच. माझ्या वर्गात ते जायचे, आणि त्या दोघांकडे सगळा वर्ग वळून बघायचा.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही लिहिलंय की मुलीला हुरूप यावा म्हणून प्रत्येक उत्तरानंतर तुम्ही पत्ता तिला दाखवत होता आणि टेबलावर उघडा ठेवत होता. इथे हिशेबच बदलतो. पाचही चांदण्या समोर पडलेल्या दिसत असताना कोण पुन्हा चांदणी म्हणेल? जे चिन्ह कमी पडलंय तेच तोंडात येणार. पर्सी डायकोनिस आणि रोनाल्ड ग्रॅहम या गणितज्ञांनी १९८१ मध्ये याचा नेमका हिशेब मांडला. प्रत्येक पत्ता दाखवला जात असेल आणि ओळखणारा नीट मोजत असेल, तर कुठल्याही अतींद्रिय शक्तीशिवाय सरासरी ८.६५ बरोबर येतात. तुमची लेक सगळं मोजत असेल असं मी म्हणत नाही. पण टेबलावर काय पडलंय ते तिला दिसत होतं, आणि अकरा वर्षांचं पोर ते आपोआप धरतं. तिने लबाडी केली असं समजू नका, आणि तिला तसं म्हणूही नका.

हे मी ठामपणे सांगते, कारण एकदा माझाच पाय यात अडकला होता. वर्गात वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहणाऱ्या दोन मुली होत्या. लांब लाकडी टेबलाच्या दोन टोकांना दोघी, मधे प्लायवूडचा उभा पडदा. एकीने पत्ता उचलायचा, चिन्ह तक्त्यात काढायचं आणि "झालं" म्हणायचं. मग दुसरीने ओळखायचं. निकाल शेवटपर्यंत सांगायचा नाही. पहिल्या फेरीत ११, मग १२, १०, १३. शंभरात ४६, अपेक्षा २० ची. हा आकडा नशिबाने येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या प्रयोगशाळेत काहीतरी मोठं घडलंय असं मला खरोखर वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी काही न बोलता ओळखणाऱ्या मुलीच्या शेजारी बसले आणि तिच्यासारखंच कोपर टेबलावर टेकवलं. चौथ्या-पाचव्या पत्त्याला माझ्या लक्षात आलं. पलीकडची मुलगी पेन्सिल दाबून लिहायची. वर्तुळ एका फटक्यात निघतं. अधिकाला दोन रेघा, लाटांना तीन, चौकोनाला ती चार वेगवेगळ्या रेघा ओढायची, चांदणीला पाच. कोपरातून ते लाकडात जाणवत होतं. दुसरीने ओळखेपर्यंत काही लिहायचं नाही असं मी ठरवून दिलं आणि पाठवणारीला शेजारच्या खोलीत बसवलं. चार फेऱ्यांत ४, ६, ५ आणि ३ आले. ओळखणारी मुलगी रडली. "मॅडम, चिन्ह खरंच डोळ्यांपुढे यायचं," असं ती म्हणत होती. ती खोटं बोलत नव्हती. चिन्ह तिच्या डोळ्यांपुढे येतच होतं. ते कोपरावाटे येतंय हे तिलाच माहीत नव्हतं.

टेलिपथीच्या संशोधनाचा सुरुवातीचा इतिहास वाचताना मला हे टेबल सारखं आठवतं. 'टेलिपथी' हा शब्द फ्रेडरिक मायर्स यांनी १८८२ मध्ये घडवला. त्याच वर्षी लंडनमध्ये अशा अनुभवांचा शास्त्रीय अभ्यास करणारी सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च स्थापन झाली. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक पहिले अध्यक्ष. त्यांच्याबरोबर एडमंड गर्नी आणि डब्लिनचे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बॅरेट होते. ही माणसं भोळी नव्हती. तारायंत्राने बातमी समुद्रापार जाते, तर एका मनातलं दुसऱ्या मनात का जाऊ नये, हा त्या काळातला रास्त प्रश्न होता. आपल्याकडे योगसूत्रांत 'परचित्तज्ञान' फार आधीपासून आहे, पण तिथे ती साधनेची सिद्धी आहे. या मंडळींना ते मोजून बघायचं होतं, आणि म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

त्यांचा पहिला मोठा पुरावा म्हणजे डर्बीशायरमधल्या बक्स्टन गावच्या क्रीरी नावाच्या पाद्र्याच्या मुली. एक बहीण बाहेर जायची, बाकीचे घरात एखादा पत्ता ठरवायचे, आणि ती आत येऊन बरोबर सांगायची. पाच वर्षांनंतर, १८८७ मध्ये, केंब्रिजला पुन्हा चाचणी झाली तेव्हा बहिणी एकमेकींना खुणा करताना सापडल्या. डोळे कुठे फिरवायचे यावर बदाम की चौकट, इस्पिक की किलवर हे ठरलेलं होतं. हे गर्नी यांनी स्वतः जाहीर केलं. दुसरी जोडी ब्रायटनची, स्मिथ आणि ब्लॅकबर्न. एकाने पाहिलेली चित्रं दुसरा डोळे बांधून काढायचा. पुढे ब्लॅकबर्नने छापून कबुली दिली की ते सगळं संकेतांवर चालायचं. स्मिथने शेवटपर्यंत नाकारलं.

बर्लिनचा हान्स घोडा तर अगदी माझ्या टेबलाचाच भाऊ. मालक फॉन ऑस्टेन यांनी बेरीज विचारली की घोडा खूर आपटून उत्तर द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही ते येत नाही. योग्य आकड्याला पोचलं की विचारणाऱ्याचं डोकं केसभर हलायचं, आणि घोडा ते टिपायचा. मालकाला आपण खूण करतोय याची गंधवार्ताही नव्हती. घोड्याला जमतं ते आईबरोबर वाढलेल्या मुलीला नाही का जमणार? तुम्ही पत्ता हातात धरून तिच्यासमोर बसला होता. तुम्हाला चष्मा असेल तर त्यात पत्त्याचं प्रतिबिंब पडतं, हेही मी वर्गात पाहिलंय.

सोसायटीच्या त्या पहिल्या वर्षांत आणखी एक चांगली गोष्ट घडली. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ शार्ल रिशे यांनी १८८४ मध्ये पत्ता बदाम, चौकट, इस्पिक की किलवर हे ओळखायला लावून निकाल संभाव्यतेच्या गणिताने तपासला. २,९२७ वेळा विचारलं, ७३२ बरोबर येणं अपेक्षित होतं, आले ७८९. अशा शंकास्पद गोष्टीला 'नशिबाने किती आलं असतं' ही मोजपट्टी लावायची चाल तिथून रुळली.

ती पुढे नेली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी. तुमच्या हातातले पत्ते तिथलेच, कार्ल झेनर यांनी आखलेले. ऱ्हाइन यांचं पुस्तक १९३४ चं. सगळ्यात गाजलेला प्रयोग ह्यूबर्ट पिअर्स या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याचा. तो ग्रंथालयात, आणि पत्ते उचलणारे ऱ्हाइन यांचे सहकारी गेदर प्रॅट शंभर यार्डांवरच्या, काही फेऱ्यांत २५० यार्डांवरच्या दुसऱ्या इमारतीत. घड्याळं जुळवून मिनिटाला एक पत्ता. १,८५० पत्त्यांत ३७० अपेक्षित होते, आले ५५८. नुसत्या योगायोगाने हे होणं अशक्यच. पण पिअर्स त्या वेळात आपल्या जागेवरच होता का, हे बघायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ हॅन्सेल यांनी पुढे त्यावरच बोट ठेवलं. त्याने फसवलं असं सिद्ध झालेलं नाही, आणि फसवणं शक्य नव्हतं असंही नाही. हा प्रयोग मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलं एकदम दोन बाजू घेऊन भांडायची. मी म्हणायचे, भांडू नका, त्या खोलीत अजून एक खुर्ची ठेवा.

लंडनचे गणिताचे अध्यापक एस. जी. सोल यांची गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. ऱ्हाइन यांचं काम वाचून त्यांनी १६० जणांवर सव्वा लाखाहून जास्त चाचण्या घेतल्या. हाती काहीच आलं नाही. हे शून्य हेच त्यांचं सर्वांत मोलाचं काम होतं. पण त्यांनी आकडे पुन्हा उकरले, बेसिल शॅकल्टन नावाच्या छायाचित्रकारावर १९४१ ते ४३ मध्ये नव्याने प्रयोग केले आणि थक्क करणारे निकाल छापले. बरीच वर्षं ते आदर्श म्हणून दाखवले गेले. १९७८ मध्ये बेटी मार्कविक यांनी संगणकाने तपासलं तेव्हा आकड्यांच्या ओळींत मधेच घुसवलेले अंक सापडले, आणि यश बहुतेक त्या अंकांवरच होतं. मार्कविक लंडनच्या त्याच सोसायटीशी जोडलेल्या. घरच्यांनीच घरातली चूक काढली.

त्यानंतरचं दोन ओळींत सांगते. ओळखणाऱ्याच्या डोळ्यांवर अर्धपारदर्शक वाट्या आणि कानांत एकसुरी खरखर देऊन, दुसरा माणूस दुसऱ्या खोलीत जे चित्र बघतोय ते चार चित्रांतून ओळखायला लावतात. १९९४ च्या एका अहवालात २५ टक्क्यांऐवजी ३२ टक्के यश आलं. १९९९ मध्ये त्यानंतरच्या ३० अभ्यासांची गोळाबेरीज झाली तेव्हा परिणाम दिसला नाही. कोणीही, कुठेही, पुन्हा करून दाखवावी अशी टेलिपथी सुमारे १४० वर्षांत हाताला लागलेली नाही. 'सिद्ध झाली आहे का' याचं माझं उत्तर, नाही.

आता आईंकडे येते. सोसायटीने तुमच्या आईंसारख्या अनुभवांवरही काम केलं होतं. १८८६ मध्ये गर्नी, मायर्स आणि पॉडमोर यांनी असे ७०२ अनुभव दोन जाड खंडांत छापले. कोणाला भाऊ दारात उभा दिसला आणि नंतर त्याच्या मृत्यूची बातमी आली, असे. मग हजारो लोकांना, एकूण १७,००० जणांना, विचारलं गेलं की जागेपणी असं काही कधी दिसलं-ऐकलं का. त्या काळच्या मृत्यूदराने ठरावीक माणूस ठरावीक दिवशी मरण्याची शक्यता १९,००० त एक, पण ज्यांची आकृती दिसली त्यांच्यात ४३ पैकी एक बारा तासांच्या आत गेलेला, असा १८९४ चा निष्कर्ष. आकडा भारी वाटतो. पण हा सगळा डोलारा आठवणींवर उभा होता. टेलर इनिस नावाच्या स्कॉटिश वकिलाने १८८७ मध्येच साधा प्रश्न विचारला होता: पत्रं कुठे आहेत? इतक्या लोकांना आधी जाणवलं, तर बातमी येण्याआधी कोणीतरी ते लिहून टपालात टाकलं असेल ना? शिक्क्यावर तारीख असेल ना? असं बिनतोड पत्र काही पुढे आलं नाही.

लोक खोटं बोलत होते असं नाही. आठवण अशीच चालते. जीव खालीवर झाला आणि संध्याकाळी सगळे सुखरूप घरी आले, तर ती सकाळ आपण विसरतो. तुमच्या आईंना एकदा शांतपणे विचारा, अशी हुरहूर महिन्यातून किती वेळा होते? दोनदा म्हणाल्या तर वर्षाला २४, चाळीस वर्षांत ९६० सकाळी. एवढ्या सकाळींतली एक अपघाताच्या दिवशी आली. पाल चुकचुकते तीही रोज, पण आठवते एखादीच. हे सगळं आईंवर अवलंबून आहे हे मान्य. जन्मात एकदाच असं झालं असं त्या म्हणत असतील, तर माझा हिशेब त्यांना लागू नाही. तरी त्या दिवशीचा पाऊस, ओला रस्ता, मुलाचं मोटरसायकलवर जाणं, आदल्या रात्री त्याने फोनवर काय सांगितलं, हे सगळं विचारात घ्या. आईला काळजी वाटायला तेवढं पुरतं. फोनचंही तसंच. रात्रीची जेवणं उरकली की तुम्हा दोघींना एकाच वेळी उसंत मिळत असेल.

या अनुभवाची ताकद मी कमी लेखत नाही. १८९३ मध्ये हान्स बेर्गर नावाचा जर्मन तरुण लष्करी सरावात घोड्यावरून पडला, तो थेट तोफगाड्याच्या वाटेत. गाडा थोडक्यात थांबला. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली, कारण घरी बहिणीला भावाचं काहीतरी बरंवाईट झाल्याची खात्री वाटली होती. त्याने ते टेलिपथीच मानलं आणि मनाची शक्ती शोधायला मेंदूच्या अभ्यासात उतरला. १९२४ मध्ये त्याने माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख मिळवला. आज फिट येणाऱ्या मुलाचा ईईजी काढतात तो त्याच्यामुळे. टेलिपथी मात्र त्यात सापडली नाही. डोक्याच्या त्वचेवर ते विद्युत कंपन इतकं क्षीण असतं की तंत्रज्ञाला केस बाजूला करून जेल लावून ते उचलावं लागतं, मग ते दूरच्या दुसऱ्या डोक्यात कसं पोचणार?

राहिलं आईंचं वाक्य. हा अनुभव खरोखर पूर्वसूचना होता असं घटकाभर मानू. मग त्यांना विचारा, त्या सकाळी तुला कोणाची भीती वाटत होती? कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, हे कळलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर येतं की नुसतं मन लागत नव्हतं. मन लागत नाही एवढ्यावरून कोणती आई कोणत्या मुलाला, कशापासून अडवणार? 'मला कळलं होतं' यातलं 'मुलाचं' आणि 'अपघाताचं' हे दोन शब्द संध्याकाळच्या फोननंतर आत शिरले.

माझं उलट झालं होतं. माझे वडील गेले तेव्हा मी एसटीत होते. खिडकीला डोकं टेकून गाढ झोपले होते. उतरल्यावर भाऊ स्टँडवर उभा दिसला तेव्हा कळलं. कितीतरी दिवस मला एकच गोष्ट खायची, माझे इतके लाडके वडील गेले आणि मला काहीच कसं जाणवलं नाही? त्या ७०२ अनुभवांत माझ्यासारख्यांचा एकही नाही, कारण काहीच जाणवलं नाही हे कळवायला कोणी पत्र लिहीत नाही. आईंना हे वाचून दाखवा. ज्यांना जाणवलं त्यांनी स्वतःला बोल लावायचा आणि ज्यांना जाणवलं नाही त्यांनीही, हे दोन्ही खरं कसं असेल?

त्यांची झोप-जेवण नीट असेल तर एक करता येईल. हुरहूर वाटली की बातमीची वाट न बघता लगेच तुम्हाला मोबाइलवर दोन शब्द पाठवायचे, तारीख-वेळ आपोआप पडते. तीन महिन्यांनी दोघी मिळून बघा. पण त्या अजून रात्री दचकून उठत असतील, रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजाने घाबरत असतील, तर ही नोंद करायला लावू नका, तिने काळजीला खतपाणीच मिळेल. त्याऐवजी मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला दाखवा. अपघातानंतरचा हा दोषभाव त्यांच्या रोजच्या कामातला आहे.

आणि मुलीबरोबर पुन्हा खेळायचं असेल तर पत्ते बाजूला ठेवा. डब्यात पाच चिन्हांच्या पाच चिठ्ठ्या टाका, एक काढा, बघा, परत टाका, हलवा. तुम्ही आतल्या खोलीत, ती बाहेर, दार बंद, लिहिणं तिच्या उत्तरानंतर, बरोबर-चूक शेवटी. एका दिवसात नको, कंटाळेल. महिनाभरात ५०० चिठ्ठ्या करा. १०० च्या आसपास आकडा यावा, ८५ ते ११५ मध्ये कुठेही आला तर नवल नाही. किती फेऱ्या करायच्या ते आधी ठरवा आणि मधेच थांबू नका. आकडा इथे कळवा. १३० आला तर कळवाच, आणि ९८ आला तरी नक्की कळवा.